सायबाचा मारो भोपळा

श्री
सावरखेड, भातकुलीजवळ
ज्येष्ठ शुद्ध ३, शके १७८६

चिरंजीव भाऊ शालिकराम, मुक्काम अकोला, यास बहीण पार्बताबाईचा आशीर्वाद.

कौशल्या अन् तिचं लेकरू सुखरूप असेल. मी सुखरूप नाही.

कौशल्याच्या बाळंतपणाले तुह्याकडं आली तवा मले एकच घोर होता, की विहिरीजवळच्या मळ्याले पाणी कोण देईल. जानराव म्हटला होता, "वयनी, तुमी बिनघोर जा. मी पाहतो मळा." सख्खा दीर. त्याच्या बोलण्यावर मी गेली.

त्यानं चांगला पाहिला. मी गाडीतून उतरली ते घरी नाही गेली, आधी मळ्यात गेली. तर मळाच नाही. वांगी नाही, मेथीचे वाफे नाही, कारल्याचा मांडव नाही. सगळा नांगरून टाकलेला. दोडक्याचे वेल ढेकळाखाली सुकून दोरीसारखे झालेले. एका वेलावर दोडका तसाच होता, फाळानं चिरलेला. मी तो हातात घेऊन किती वेळ उभी होती, मले माहीत नाही.

जानराव वावराच्या धुऱ्यावर, बांधावर आला. मी म्हटलं, "हे काय केलं?" तो म्हणते, "वयनी, यंदा भाजी लावणारा माणूस येडा. समिंदरापल्याड गोऱ्यायची लढाई जुंपली आहे, कापूस सोन्याच्या मोलानं जाऊन राहिला. लोकायनं देवळाच्या पायरीपर्यंत सरकी टाकली. तुमी एकट्या जीव. तुमाले किती लागते? घरामागचं परसू आहे ना, तिथं लावा दोन वांगे."

माह्या मालकानं ती विहीर स्वतःच्या हातानं खणली, शालिक. विहिरीतूनच त्यायले खोकला लागला अन् त्यातच ते गेले. त्या पाण्यावर आता याची सरकी उगवेल.

मी रडली नाही. रडण्यासाठी हे लिहून नाही राहिली. तुले आठवते का, बाबाच्या बागेत एका वर्षी कडू दुधी निघाला होता? वरून अगदी गोड दुधीसारखा. खाणारा माणूस रक्त ओकून ओकून गेला. मले त्या जातीचं बी पायजे. तू सायबाच्या बंगल्यावर माळी आहे, तुले जगभराचं बी ठावं. पाठव.

पार्बता


अकोला
ज्येष्ठ शुद्ध १२

तीर्थरूप पार्बताबाईस शालिकरामाचा पायावर डोकं ठेवून नमस्कार.

बाई, पत्र वाचलं अन् चुलीत टाकलं. असं पुन्हा लिहू नोको. आपण दोघं लिहायले शिकलो ते बाबाच्या हट्टानं. बाबा ज्यायले फुलाचे पुडे देत ते देवळातले पुजारीबुवा म्हणे पोरीले कशाले, तर बाबा म्हणे, शिकली तर फुलाच्या पुड्यावरचं नाव तरी वाचेल. अशा कामासाठी नाही शिकवलं.

तू पंचाकडं जा. पाटलाले सांग, मळा माह्या मालकाचा होता, विहीर त्यायनं खणली. सगळ्या गावानं पाहिलं आहे. अन् नाहीच कोणी ऐकलं तर इकडं ये. बंगल्यामागं आमची खोली आहे, त्यात तुही एक पथारी बसेल. कौशल्या म्हणते, ताईले घेऊन या.

बियाचं विसर.

शालिकराम


सावरखेड
ज्येष्ठ वद्य ४

शालिक,

आशीर्वाद वगैरे समज. पंचाकडं गेली होती, ते ऐक.

चावडीवर सगळे बसले होते. मी पदर घेऊन खांबाआड उभी राहिली अन् सांगितलं. पाटील म्हणे, "जानराव, काय म्हणतं?" जानराव हसून म्हणते, "पाटील, वयनी अकोल्याले भावाकडं राहायले गेल्या होत्या. मले वाटलं आता तिथंच राहतात. पडीक ठेवू का वावर?" सगळे माना डोलवायले लागले. सगळ्यायच्या डोळ्यात कापूस होता, शालिक. माह्याकडं पाहत होते अन् पाहत नव्हते.

मी म्हटलं, "माह्याजवळ मालकाच्या हातची चिठ्ठी आहे, विहिरीचे दगड बांधणाऱ्या बेलदाराच्या हिशेबाची. मी वाचून दाखवतो."

तवा जानराव उठला. म्हणे, "वाचा, वयनी, वाचा. वाचूनच तर दादाले खाल्लं. बाईच्या हाती अक्षर गेलं की कपाळाचं कुंकू पुसलं जाते, हे आमची माय पहिल्या दिवसापासून सांगत होती." अन् शालिक, सगळ्यायनं पुन्हा माना डोलवल्या. एक म्हातारा तर हो म्हणाला.

चिठ्ठी माह्या हातातच राहिली.

आता मले मळा नोको, न्यायही नोको. जानरावानं जेवता जेवता पोट धरून लोळलं पायजे, अन् त्याले कळलं पायजे की हे कोणाच्या हातचं आहे. तू बी नसशील पाठवत तर नोको पाठवू. नदीच्या काठानं जहरी कवंडळ कमी नाही. कवंडळाचा कडूपणा लपत नाही, एवढीच अडचण आहे, तर गूळ टाकीन.

पार्बता


अकोला
ज्येष्ठ वद्य ११

पार्बताबाईस नमस्कार.

बाई, कवंडळाले हात लावू नोको. पहिल्या घासाले कळेल, तो थुंकेल, अन् तुह्या हातात बेड्या पडतील.

तू ऐकणार नाही हे मले समजलं. म्हणून या गाडीवानाजवळ फडक्यात बी पाठवून राहिलो. तुह्या शपथेवर सांगतो, कोणाले दाखवू नोको. हा सायबाचा भोपळा आहे. सायेब याले आपल्या बोलीत 'मारो' म्हणते. नावच मारो, तर समजून घे. वरून कवळा, हिरवा, देखणा. चवीले कडू लागत नाही. पण खाणारा उठत नाही. सायबानं तो फक्त पाहायसाठी लावला आहे. तू चुकूनही जिभेले लावू नोको, बोट बी चाटू नोको.

लावायचं ते नीट लाव. लय नाजूक जात आहे. आपल्या काळ्या मातीत पावसाचं पाणी साचलं की मूळ सडते. म्हणून परसातल्या मुरमाडावरच लाव, जिथं कोणी काही लावत नाही. आधी मातीचा उंचवटा कर, कोंबडी बसते तेवढा. त्यात जुनं कुजलेलं शेणखत घाल, ओलं नोको, ओल्या खतानं बी जळते. चुलीची राख मिसळ. बी आडवं नोको टाकू, धारेवर उभं खुपस, बोटाच्या पेराएवढं खोल. एका उंचवट्यावर दोन बिया. दोन्ही उगवल्या तर कमजोर ते रोप उपटायचं नाही, कापायचं. उपटलं तर दुसऱ्याचं मूळ हलते. हा वेल नाही, बाई. मांडव लागत नाही. झुडपासारखा एका जागी पसरते, पानं छत्रीएवढी होतात. म्हणून दोन उंचवट्यात माणूस आडवा झोपेल इतकी जागा सोड.

पहिली दोन पानं आली की लाल भुंगे येतील. पहाटे, दव असतानाच पानावर राख भुरभुरव.

एवढं सगळं करता करता तुह्या मनात दुसरं काही आलं, तर मले कळव. मी तयार आहे.

शालिकराम


सावरखेड
आषाढ वद्य २

शालिक,

उगवलं. सगळंच्या सगळं.

तू लिहिलं तसं केलं. उकिरडा उकरून खालचं काळं खत काढलं, टोपल्यानं वाहिलं. जानरावाची बायको जमुना कुंपणावरून पाहत होती. म्हणे, "बाई, एवढी मेहनत काऊन करता? त्या मुरमावर कुसळंही येत नाही." मी म्हटलं, "यंदा येईल."

पाऊस चांगलाच झोडपून राहिला. गावाची सरकी पिवळी पडली, वावरात पाणी उभं आहे. माह्या उंचवट्यावरून पाणी वाहून जाते अन् रोप हिरवंगार उभं राहते. पहाटे उठून राख टाकतो. एक भुंगा दिसला तर बोटानं चिरडतो. प्रत्येक भुंग्याले मी एक नाव देतो, तुले माहीत आहे कोणतं.

बाबा म्हणायचे, मातीत हात घातला की राग मातीत उतरते. खोटं आहे ते. माहा राग मातीत उतरला अन् वर आला. पानाएवढा झाला. मालक गेल्यापासून मले असं सकाळी उठावंसं वाटलं नव्हतं.

एक गोष्ट आहे. जानरावाची पोरगी वच्छला रोज इकडं येते. लहानच आहे. "मोठीमाय, मोठीमाय" करत मागं मागं फिरते. तिले राख टाकायची असते. मी तिले हाकलतो. ती पुन्हा येते. तिच्या बापाचं नाक आहे तिले, पण डोळे माह्या मालकाचे आहेत. कुटुंबात असं होते.

फुलं आली की काय करायचं, लिही. कळ्या आता धरतील.

पार्बता


अकोला
श्रावण शुद्ध १

पार्बताबाईस नमस्कार.

बाई, फुलं दोन जातीची येतील. लांब बारीक देठाचं ते नर. ज्याच्या पाठीशी बोटाएवढा भोपळा चिकटलेला, ते मादी. आधी नरच येतात, तवा घाबरू नोको. पावसात माश्या फिरत नाहीत, म्हणून सकाळी फूल उमललं की नर फूल तोड, त्याच्या पाकळ्या मागं सोल, अन् मधली पिवळी काडी मादी फुलाच्या आत हलकी फिरव. दुपार होऊ देऊ नोको, फूल मिटते. फळ धरलं की खाली कडबा अंथर, नाही तर मातीले टेकून सडते. वीतभर झालं की काप. ठेवलं तर मोठं होते, पण मग झाड नवं फळ देणं बंद करते.

बाई, एक सांगतो. तू लिहितं की सकाळी उठावंसं वाटते. मग हेच कर ना. भोपळा लाव, पाहा, कापून टाक, पुन्हा लाव. कोणाच्या ताटात घातलाच पायजे असं कुठं आहे? तू पोरगी येते म्हणतं. पोरगी असलेल्या घरात असलं शिजवू नोको.

मी पोळ्याले येणार होतो, पण पूर्णेले पूर आहे, गाड्या बंद आहेत. दिवाळीले नक्की येतो. तोवर थांब. समोरासमोर बसून बोलू. तोवर, बाबाची आण आहे, काही करू नोको.

शालिकराम


सावरखेड
श्रावण वद्य ९

शालिक,

थांबत नाही.

फळं धरली आहेत. कडब्यावर ओळीनं निजलेली, हिरवी, अंगावर बारीक पांढरे ठिपके, नखानं टोचलं तर आत जाईल इतकी कवळी. अख्ख्या गावात सध्या भाजी नाही. बजारात भातकुलीहून येते ती सुकलेली. घरोघरी वरण अन् चटणी. कुंपणावरून जाणारा प्रत्येक माणूस माह्या परसाकडं पाहून लाळ गिळते. जानरावही. परवा थांबला. म्हणे, "वयनी, हे काय आहे?" मी म्हटलं, "सायबाचा भोपळा. भावानं बी पाठवलं." म्हणे, "आमच्या ताटात येऊ द्या की एकदा." शालिक, तो आपल्या तोंडानं म्हणाला. मी म्हटलं, "पोळ्याले आणीन."

जमुनेनं पोळ्याच्या दिवशी जेवायले बोलावलं आहे. रीतीप्रमाणं पुरुष आधी जेवतात. बाया अन् पोरं नंतर. म्हणजे ताट एकट्या त्याचं असेल. बाकीच्यायले मी देणार नाही. पोरीचा तू घोर करू नोको, मीही विचार केला आहे. भाजी थोडीच करीन, एका माणसापुरती.

बाबाची आण घातली तू. बाबा असते तर नांगर अडवायले उभे राहिले असते. आणा घालत बसले नसते.

पार्बता


सावरखेड
भाद्रपद शुद्ध ६

शालिकराम,

तू खोटं बोलला.

काय झालं ते सगळं लिहितो. तुले वाचाच लागेल.

पोळ्याच्या सकाळी मी सगळ्यात कवळे भोपळे कापले. तेलात मोहरी, हिरवी मिरची, वर तीळ कुटून. वास असा सुटला की मलेच भूक लागली. बोट चाटलं नाही. तू नोको म्हटलं होतं.

जानरावाकडं बैल सजवून झाले होते. शिंगाले बेगड, पाठीवर झूल. पूजा झाली. मी भाजीनं भरलेला पितळी गंज चुलीजवळ ठेवला अन् ताटं मांडायले वळली. जानराव पाटावर बसला. मी गंज घ्यायले हात पुढं केला, तर वच्छला गंजाजवळ बसलेली. दोन्ही गाल फुगलेले. तोंड पुसत म्हणते, "मोठीमाय, किती गोड आहे!"

गोड म्हणाली ती. मले ऐकू आलं नाही. मले फक्त तिचे फुगलेले गाल दिसले.

मी तिले उलटी धरली. तोंडात बोटं घातली. ती गुदमरली, चावली, मी सोडलं नाही. "मीठपाणी आण, जमुने, मीठपाणी!" जमुना म्हणे, "बाई, काय करून राहिल्या? मारता का पोरीले?" मी ओरडली, "जहर आहे! भाजीत जहर आहे! पाणी आण!"

मी स्वतःच सांगितलं, शालिक. माह्याच तोंडानं. दारात बैल पाहायले आलेले लोक होते, त्यायनं ऐकलं.

पोरीनं ओकलं, पण थोडंच. बाकी पोटात गेलं होतं. ती रडत होती, अंगणात मांडीवर घेऊन मी बसली होती, अन् मले एकच कळत होतं, की आता हिचे हातपाय गार पडतील. मी उठली. गंज उचलला अन् उरलेली भाजी मुठीनं तोंडात कोंबली. गंज खरडून खाल्ला. पोरीच्या आधी मले होऊ दे, एवढंच मागितलं.

अन् ते गोड लागलं.

शालिक, असं कवळं, लोण्यासारखं, मी जन्मात खाल्लं नव्हतं. मी खात होती अन् मले समजत गेलं. जहर असं नसते. तू मले फसवलं. त्या फडक्यात सायबाच्या जेवणाची भाजी होती, अन् मी ती दोन महिने काळजावर ठेवून वाढवली.

दुपार कलली. पोरगी उठून म्हणते, "भूक लागली." तिले पुरणपोळी दिली. खाऊन बैलाच्या मागं पळाली.

जानराव तेवढा वेळ पाटावरच बसून होता. ताटाले हात नाही. मग उठून माह्यासमोर आला.

"वयनी, ते माह्यासाठी शिजवलं होतं?"

"हो."

"काऊन?"

"काऊन ते तुले माहीत आहे."

त्याचा चेहरा कसा झाला ते तुले सांगतो. चावडीवर हसणारं तोंड होतं ना, त्याचा रंग भिजल्या राखेसारखा झाला. मागं मागं सरकत गेला अन् भिंतीले टेकला. माह्या हातात काही नव्हतं, शालिक. रिकामा गंज होता.

आता सांग. तू खरं बोलला असता तर मी दुसरं काही केलं असतं. तुह्या खोट्यानं माहा सूड खाल्ला, अन् वरून मले गावात जहर घालणारी केलं. आता कोणी माह्या हातचं पाणी पीत नाही. तू काही लिहू नोको.

पार्बता


अकोला
भाद्रपद वद्य १

पार्बताबाईस.

लिहू नोको म्हटलं तरी लिहितो.

हो, खोटं बोललो. सायेब त्या भाजीले मारो म्हणते ते खरं, पण त्याच्या बोलीत तो नुसता भोपळ्याचाच शब्द आहे. खानसामा रोज लोण्यात परतून वाढते. मी नाही म्हटलं असतं तर तू कवंडळ शिजवलं असतं. मले वाटलं, जहराचं नाव ऐकून भिशील. नाही भ्याली, तर वाढवता वाढवता राग निवेल. तेही नाही, तर त्याले गोड भाजी खाऊ घालशील अन् वाट पाहत बसशील, अन् काहीच होणार नाही, अन् तू मले शिव्या देशील. पोरीनं खाल्लं अन् तू घाबरली तर, हा विचार मले आला होता. म्हणून दिवाळीपर्यंत थांब म्हटलं. तू तिच्या गळ्यात बोटं घालशील, स्वतः गंज खरडशील, हे माह्या डोक्यात आलं नाही. मी तुले तेवढं ओळखत नव्हतो.

बाई, तू जहर समजून खाल्लं. हे वाचलं तवापासून मले अन्न जात नाही.

जानराव चौकीवर गेला का? गेला असेल तर मी सायबाच्या पायावर पडीन, बी माह्या हातचं आहे, साधी भाजी आहे, असं सांगीन. तू ये इकडं. शिव्या समोर दे.

शालिकराम


सावरखेड
कार्तिक वद्य ५

शालिक,

तुही तीन पत्रं आली. वाचली. दिवाळीले तू आला अन् दारातून परत गेला, कारण मी दार उघडलं नाही. अजूनही माफ केलं नाही, हे आधी सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना तुहा गैरसमज होणार नाही.

जानराव चौकीवर गेला नाही. निघाला होता. पाटलानं अडवलं. म्हणे, "काय सांगशील शिपायाले? वयनीनं गोड भाजी केली अन् स्वतःच खाल्ली? अन् मग ते विचारतील, बाईनं असं काऊन केलं, तर मळ्याचं निघेल. विहिरीचं निघेल." जानराव परत फिरला.

पण त्याचं जेवण सुटलं होतं. जमुना सांगते, ताट आलं की आधी तिले खायले लावे. मले रस्त्यात पाहिलं की दुसऱ्या गल्लीनं जाय. शेवटी दसऱ्याच्या आधी चावडीवर उभा राहिला अन् म्हणे, "वयनीचा मळा वयनीले देतो. पण त्यायनं तिथंच झोपडी घालून राहावं. माह्या घराशेजारी नोको. माह्या पोरीनं तिकडं जाऊ नये." पाटील म्हणे, "पार्बताबाई, कबूल?" मी या बारी खांबाआड नव्हती. समोर उभी होती. म्हटलं, "कबूल."

त्यानं न्यायानं नाही दिलं, शालिक. भेवानं दिलं. खरं सांगतो, मले ते न्यायापेक्षा गोड लागलं.

तो म्हणे, पराटीले बोंडं धरली आहेत, कापूस वेचून होईस्तोवर थांबा, मग वावर मोकळं करतो. मी थांबली नाही. कुदळ घेतली अन् बोंडासकट पराटी काढली. सगळा गाव धुऱ्यावर उभा राहून पाहत होता. बाया हळहळत होत्या, "अव बाई, सोनं आहे ते!" जानरावही उभा होता. मी एकेक झाड उपटलं, त्याच्याकडं पाहून उपटलं, अन् त्याच्याच बैलापुढं टाकलं. आता विहिरीभोवती मेथी आहे, वांगी आहेत, अन् मधात सायबाच्या भोपळ्याची नवी लावण. थंडीत हळू वाढते, पण फळ जास्त चवदार आहे. पहाटे धुकं असलं की फूल मीच फिरवतो.

वच्छला येत नाही. धुऱ्यावरून जाताना तिचा हात कोणी तरी धरून असते. ती मान वळवून पाहते, अन् मी कामात आहे असं दाखवतो. याचा दोष मी कोणाले देऊ, ते अजून ठरलं नाही. तुले थोडा देतो. मले बराच घेतो.

आता ऐक, ज्यासाठी हे पत्र लिहिलं. गेल्या आठवड्यात जमुना मळ्यावर आली. एकटी. पदराखाली टोपलं. मी म्हटलं, "जमुने, तू इथं? तो कापून टाकेल तुले."

ती खाली बसली. म्हणे, "बाई, त्या दिवशी तुमी आधी मरायले निघाल्या होत्या. माह्या पोरीच्या आधी. मी पाहिलं. मले तेवढं पुरे आहे." मग म्हणे, "घरात भाजी नाही. ते वरण खाऊन खाऊन चिडले आहेत. द्या."

"अन् त्याले काय सांगशील?"

"भातकुलीच्या बजाराची म्हणून सांगीन. त्यायले काय सांगायचं ते मले चांगलं कळते." अन् हसली. शालिक, या घरात आल्यापासून मी तिले हसताना पहिल्यांदा पाहिलं. तिलेही त्याचं काही तरी फेडायचं असेल. मी विचारलं नाही.

ती रोज येते. मी पहाटेचे भोपळे कापून ठेवतो, सगळ्यात कवळे. काल म्हणे, जानरावानं ताट पुसून खाल्लं. बोटं चाटली. म्हणे, "जमुने, भातकुलीले हा कोणाचा मळा आहे? हात चांगला आहे त्याचा. रोज त्याच्याच कडून घेत जा."

माह्या विहिरीचं पाणी तो पीत नाही. माही सावली पडली तर धोतर झटकते. अन् रोज माह्या हातचं जेवते, मागून मागून जेवते.

कोणत्याही दिवशी त्यात मी काय टाकू शकतो, याचा विचार मी रोज पहाटे भोपळा कापताना करतो. मग चांगला निवडून देतो. वाईट द्यावं असं आता मनात येत नाही. चांगला देण्यातच मजा जास्त आहे.

वच्छलेचं लग्न ठरेल तवा मोठी पंगत बसेल. चांदूर बजारापासूनचे सोयरे येतील. चार पाहुण्यात तो मिशीले पीळ देऊन बसेल, घास तोंडात असेल, अन् मी मळ्यातून चालत येईन, दारात उभी राहीन, अन् विचारीन, "भाऊजी, भाजी कशी झाली?" त्याले तिथंच कळेल, इतकी वर्षं कोणाच्या हातानं जगला ते.

पोरगी लहान आहे. वेळ आहे. तोवर खाऊ दे त्याले.

बी अजून पाठव.

पार्बता